मदत हवी आहे: माळ्यावरचा जुना साबण वापरावा, द्यावा की टाकावा? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

पाचपाखाडीतली आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि महिनाअखेरीस घर रिकामं करून द्यायचं आहे. आवराआवर करताना सासूबाईंच्या खोलीतला माळा उतरवला, तर पत्र्याची एक पेटी आणि दोन खोकी भरून साबणच निघाला. कळव्याला भाड्याने घेतलेलं घर लहान आहे, हे सगळं तिथे मावणार नाही. म्हणून जाणकारांना विचारते आहे.

सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. घरातला साबण संपला, असं त्यांच्या संसारात कधी झालं नाही. ग्राहक पंचायतीच्या वाटपात गरजेपेक्षा दोन वड्या जास्तच मागवायच्या, दिवाळीला मोती घ्यायचा, कुणी भेट दिलेला सुगंधी साबणाचा खोका न फोडता वर ठेवायचा, ही त्यांची रीत. ‘साबण जितका वाळेल तितका कमी झिजतो’ असं त्या सांगतात, आणि कपड्यांच्या साबणाच्या वड्या वेष्टन काढून, मध्ये फट ठेवून नीट रचलेल्या आहेत. इतकं जपलेलं आहे की ‘उचला आणि फेका’ हे उत्तर मला त्यांना द्यायचं नाही.

अंघोळीच्या वड्या सगळ्यांत जास्त. काहींची तारीख शिल्लक आहे, बऱ्याच वड्यांची दोन-तीन वर्षांपूर्वीच उलटली आहे. मोतीच्या एका गोल वडीला बारीक चिरा पडल्यात आणि नाकाला लावल्याशिवाय वास येत नाही. 100 ग्रॅम छापलेली एक वडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर 91 ग्रॅम भरली. पारदर्शक ग्लिसरीनच्या साबणांना वेष्टनाच्या आत चिकट थेंब सुटलेत. बचत गटाच्या प्रदर्शनातून घेतलेले कडुनिंबाचे साबण आहेत, त्यांच्यावर तारीखच नाही. त्यांतल्या काहींवर केशरी ठिपके आलेत आणि जुन्या खोबरेल तेलासारखा खवट वास येतोय. याशिवाय धुण्याच्या पावडरीच्या पिशव्या (आत दगड झालाय), 2020 सालचे हँडवॉशचे पाऊच, सॅनिटायझरच्या बाटल्या, आणि तळाशी गंजलेला कॉस्टिक सोड्याचा डबा. सासूबाई पूर्वी घरी साबण करायच्या, तेव्हाचा.

मला मुख्यतः हे हवं आहे: तारीख उलटलेली वडी अंगाला लावली तर अपाय होतो का? पावडर मशीनमध्ये चालेल का? आणि शहापूरकडच्या एका आश्रमशाळेला यातला चांगला साबण द्यायचा विचार आहे, तर ‘चांगला’ कसा ओळखायचा? जे मी माझ्या मुलीच्या अंगाला लावणार नाही ते तिथल्या मुलांना द्यायचं नाही, घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही नाही. यावर मी ठाम आहे, त्यामुळे ‘कुणालाही देऊन टाका’ असं कृपया सुचवू नका.

आणखी एक. यातली एक वडी वापरून पाहिली तर फेसच आला नाही. जुनी झाल्यामुळे का?

सीवूड्सकर

वडीच्या साबणाला काही होत नाही हो. आमच्या आईने साड्यांच्या घडीत ठेवलेला चंदनाचा साबण आम्ही कित्येक वर्षांनी वापरला. वास गेला होता, बाकी उत्तम.

कोपरखैरणे, निवृत्त

ताई, मी साबणाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत नोकरी केली आहे. जरा सविस्तर लिहितो.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून झालेले मेदाम्लांचे क्षार. तयार वडीत पाणी कमी असतं आणि ती अल्कधर्मी असते, त्यामुळे न फोडलेल्या कोरड्या वडीत जंतू वाढायला फारसा वाव नाही. दूध किंवा लोणी नासतं तशी ती नासत नाही. पण बदलते मात्र. पाणी हळूहळू उडतं. तुमच्या वडीचे 9 ग्रॅम तसेच गेले. म्हणूनच साबणाच्या वेष्टनावर निव्वळ वजनापुढे ‘पॅक करतेवेळी’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात, ते वाचून पाहा. पाणी गेलं की वडी टणक होते आणि खरोखरच कमी झिजते. सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि वड्यांमध्ये ठेवलेली फट तर त्याहून बरोबर. चिरा वाळण्याच्या आहेत, त्यांची काळजी नको. सुगंध म्हणजे उडून जाणारी तेलं, ती आधी जातात.

काळजी करायची ती खवटपणाची. साबणात न बदललेलं थोडं तेल राहतं आणि काही मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. लोखंड किंवा तांब्याचा अंश लागला की हे भरभर होतं. कारखान्याच्या साबणात ते रोखायला ईडीटीएसारखे घटक घालतात, म्हणून तो बरीच वर्षं टिकतो. तुमच्या गंजक्या डब्याशेजारी ज्या वड्या होत्या त्या आधी तपासा.

आता तारखेबद्दल. अंघोळीचा साबण आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांत मोडतो. 1982 च्या दुरुस्तीआधी साबण त्या व्याख्येतून वगळलेला होता. आता तो त्यात येतो, म्हणून त्यावर ‘अमुक महिन्याच्या आत वापरा’ असं येतं, बहुधा 2 ते 3 वर्षांचं. तोवर रंग, वास, फेस ठरल्याप्रमाणे राहील ही कंपनीची जबाबदारी. दुसऱ्या दिवशी त्याचं विष होत नाही. वास स्वच्छ असेल, ठिपके नसतील, बोटाला तेलकट चिकटपणा लागत नसेल, तर निरोगी कातडीच्या मोठ्या माणसाने घरात वापरायला हरकत नाही. तान्हं बाळ, इसब असलेली व्यक्ती, नाजूक झालेली म्हातारी कातडी, यांना नको. सासूबाईंनाही ताजीच वडी द्या.

एका बाबतीत मात्र तारीख काटेकोर पाळा. खरजेसाठी किंवा बुरशीसाठी डॉक्टरांनी दिलेला परमेथ्रिन किंवा किटोकोनाझोलचा साबण पेटीत निघाला, तर तो औषध आहे. तारीख गेली की तो बाद.

आश्रमशाळेला देताना माझं मत असं: तारीख शिल्लक, वेष्टन अखंड, तरच द्या. उलटलेली वडी तुम्ही पारखून वापराल, तिथल्या मुलाला पारखायची संधीच नाही. शक्य असेल तर वेष्टनावरचा टीएफएम म्हणजे एकूण मेदाचं प्रमाण पाहून निवडा. भारतीय मानकात टॉयलेट सोपची पहिली प्रत किमान 76 टक्के, दुसरी 70, तिसरी 60. ‘बाथिंग बार’ लिहिलेल्या वड्यांची अट याहून बरीच खाली आहे. जास्त मेदाची वडी ओल्या न्हाणीघरात लवकर लगदा होत नाही, आणि जिथे एक वडी बरीच मुलं वापरतात तिथे हा फरक मोठा असतो.

घोडबंदरवासी

फेसाबद्दल: दोष साबणाला देण्याआधी पाणी तपासा. तुमच्याकडे सध्या टँकर येतोय का? आमच्याकडे मे महिन्यात टँकर सुरू झाला की नवाकोरा साबणही फेसाळत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा पांढरा चोथा करतात. बादलीच्या कडेला बसतो तोच. ते क्षार संपेपर्यंत फेस येत नाही.

साबणाचा नखाएवढा कीस दोन बाटल्यांत घाला. एकीत आरओचं पाणी, दुसरीत नळाचं. झाकण लावून खळखळून हलवा. आरओच्या बाटलीत फेस झाला तर साबण ठणठणीत आहे. माझी बहीण नेरुळला राहते, तिथे मोरबे धरणाचं पाणी. तिच्याकडचा साबण आमच्याकडे आणला की मुलांना वाटतं वेगळाच साबण आहे.

धागाकर्ती

@घोडबंदरवासी, आत्ताच करून पाहिलं! आरओच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस, नळाच्या बाटलीत नुसतं गढूळ पाणी आणि वर पांढरे कण. पुनर्विकासाच्या गडबडीत सोसायटीची टाकी बोअरवर चालवताहेत, हे शेजारच्या काकांनी सांगितलं. सासूबाईंना बाटल्या दाखवल्या. त्यांना फार बरं वाटलं, सकाळपासून ‘माझा साबण वाया गेला’ असं घोकत होत्या.

@कोपरखैरणे, मनापासून आभार. औषधी साबण खरंच निघाले, बाजूला काढलेत.

खारघरची

मी घरी साबण करते, म्हणून कडुनिंबाच्या वड्यांबद्दल सांगते. ते केशरी ठिपके खवटपणाचेच. घरगुती साबणात त्वचेला मऊ वाटावं म्हणून थोडं तेल मुद्दाम जास्त सोडतात आणि टिकवणारे घटक बहुतेक जण घालत नाहीत. सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं जास्त असली की ठिपके लवकर येतात. खोबरेलाचा साबण जास्त टिकतो. त्यात आपली पावसाळी हवा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, म्हणून तुमच्या पारदर्शक वड्यांना घाम फुटलाय. त्या पुसून, वाळवून वापरता येतील, खराब नाहीत.

ठिपकेवाल्या वड्या अंगाला नकोत. फरशी पुसायची फडकी, पायपुसणी धुवायला वापरा. वास फारच असेल तर टाकाच, कारण तो कापडाला धरतो. बिनठिपक्याच्या वड्या हवेशीर जागी ठेवा आणि घरातच संपवा. तारीख नसलेली वस्तू शाळेला नको. बचत गटाच्या बायका कष्टाने चांगला माल करतात. त्यांनी वेष्टनावर नुसता महिना आणि साल लिहिलं तरी पुष्कळ होईल. पुढच्या वेळी भेटलात तर आवर्जून सांगा.

कॉस्टिकचा डबा मात्र आज बाजूला ठेवा, मुलीच्या हाताला लागणार नाही असा. तो हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निम्माअर्धा निकामी झाला असेल, तरी कातडी आणि डोळे जाळायला पुरेसा आहे. ओल्या हाताने उघडू नका, त्यावर पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमच्या भांड्यात काढू नका. डब्यासकट जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत ठेवा, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा असतो. सफाई कामगाराच्या हातात देताना आत काय आहे ते तोंडी सांगा.

ऐरोलीकर

हँडवॉशवर कुणी बोललं नाही. वडी आणि हँडवॉश यांना एकच नियम लावू नका. पातळ साबणात बहुतांश पाणीच असतं, ते टिकतं परिरक्षकांच्या, म्हणजे जंतू वाढू न देणाऱ्या घटकांच्या जोरावर. 2020 चे पाऊच फुगलेत का, पाणी आणि गर वेगळा झालाय का, वास आंबूस आहे का पाहा. असेल तर टाका. आणि बाटलीत पाणी घालून हँडवॉश वाढवायची आपल्याकडची सवय सोडा. पाण्याने परिरक्षक पातळ होतो आणि त्यात जंतू वाढू शकतात. हात धुवायच्या साबणातूनच जंतू हाताला लागायचे.

सॅनिटायझरमधला अल्कोहोल उडून गेला असेल, निर्जंतुक करायला त्यावर भरवसा नको. पण उरलेला अजून पेट घेऊ शकतो, गॅसजवळ आणि देवघराजवळ ठेवू नका.

घर हलवताना लोक उरलेले सगळे क्लीनर एका बादलीत ओतून न्हाणीघर धुऊन काढतात. हे कधीच करू नका. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. एकेक वेगळं, भरपूर पाणी आणि खिडकी उघडी.

कोपरखैरणे, निवृत्त

पावडरीचं राहिलं होतं. दगड झाला तो ओलीमुळे, धुण्याचे मूळ घटक शाबूत असतात. महागड्या पावडरीतली एन्झाइम्स मात्र इतक्या वर्षांत मंदावलेली असणार, हळदीचे-रश्श्याचे डाग निघायचे नाहीत. गुठळी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून पडदे, चादरी हाताने धुवायला घ्या. मशीनच्या खणात गुठळ्या टाकू नका, तिथेच अडकून बसतात. पुढून दाराच्या मशीनमध्ये वडीचा कीसही नको, फेस आवरत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. काल आम्ही दोघी खाली सतरंजी टाकून बसलो आणि एकेक वडी वासावरून निवडली. सासूबाईंचं नाक माझ्यापेक्षा तेज आहे. दोन वड्या मी ‘चांगल्या’ म्हणून ठेवल्या होत्या, त्यांनी उचलून फडक्यांच्या ढिगात टाकल्या.

तारीख शिल्लक असलेल्या वड्या शाळेसाठी वेगळ्या बांधल्या आहेत. तिथल्या शिक्षिकांशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या, अंघोळीचा साबण द्याच, पण गणवेश धुवायला कपड्यांचा साबण कायम कमी पडतो. सासूबाईंनी वाळवलेल्या त्या उघड्या वड्यांना वेष्टन नाही, तारीखही नाही. पण वास स्वच्छ आहे, ठिपके नाहीत, आरओच्या बाटलीत भरपूर फेस येतो, आणि यातल्याच वडीने मी मुलीचा गणवेश धुतला. शिक्षिकांना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, त्या ‘चालेल’ म्हणाल्या. @कोपरखैरणे, कपड्यांपुरत्या या वड्या द्यायला तुमच्या दृष्टीने काही अडचण आहे का? शनिवारी गाडी जाणार आहे, त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

कोपरखैरणे, निवृत्त

अंघोळीला नव्हे, फक्त कपड्यांना, हे खोक्यावर ठळक लिहा आणि द्या. कागदात गुंडाळून द्या, प्लास्टिकमध्ये बंद करू नका.