जुन्या व्हॅनचा मागचा बंपर : डावीकडचे बोल्ट बसत नाहीत, तातडीने मदत हवी आहे

मधलीफळी : नमस्कार. जुन्या व्हॅनचा मागचा बंपर काढून मी नवा बसवत आहे. उजवीकडचे दोन्ही बोल्ट व्यवस्थित लागले. डावीकडचा एकही लागत नाही आणि त्यातला खालचा तर नुसता गरागरा फिरतो. कालपासून गाडी जॅकवर उभी आहे आणि परवा मला ती चालवायची आहे. भोक मोठे करावे की नाही, एवढेच कृपया सांगावे.

गंजलेलापाना : एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. गाडी कोणत्या सालची आहे? बंपर लोखंडी आहे की प्लास्टिकचा? बोल्ट थेट चासीत (गाडीच्या खालच्या सांगाड्यात) जातो की मध्ये ब्रॅकेट आहे? आणि नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कृपया शिरू नका. आधी स्टँड लावा.

मधलीफळी : गाडी 1996 ची, बंपर लोखंडी. दोन ब्रॅकेट आहेत आणि प्रत्येक ब्रॅकेट दोन बोल्टनी चासीच्या पोकळ दांड्याला लागतो. नट दांड्याच्या आत वेल्ड केलेले आहेत, त्यामुळे ते दिसत नाहीत. डावी भोके साधारण 8 मिमीने सरकलेली आहेत. स्टँड लावले. आता भोकाचे सांगा.

तेलपाणी : फिरणारा बोल्ट म्हणजे गंजाचेच काम. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी नटाजवळ टॉर्चने उष्णता द्या, म्हणजे तो निघेल. मी आजवर असे कितीतरी बोल्ट काढले आहेत.

गंजलेलापाना : अडकलेल्या बोल्टसाठी हा उपाय उत्तम आहे, पण इथे बोल्ट अडकलेला नाही, आतल्या नटाचे वेल्ड तुटले आहे. शिवाय अनेक व्हॅनमध्ये इंधनाची टाकी आणि नळ्या याच बाजूने जातात. तिथे टॉर्च लावायला सांगणे मला धोक्याचे वाटते.

तेलपाणी : टाकी कुठे आहे हे पाहूनच टॉर्च लावायचा असतो, हे मी गृहीत धरले होते. आणि टॉर्चऐवजी बोल्ट ग्राइंडरने कापायचा म्हटले तर त्याच्या ठिणग्या कमी धोक्याच्या असतात का?

सावकाशचालक : नवा बंपर लावतच आहात तर पार्किंग सेन्सरची चार भोके आत्ताच पाडून घ्या, पुन्हा बंपर उतरवावा लागणार नाही.

लंबरेषा : मूळ प्रश्न 8 मिमीचा आहे. उजवीकडे बोल्ट सहज लागतात आणि डावीकडे दोन्ही भोके सारखीच सरकली आहेत, म्हणजे भोक चुकलेले नसून काहीतरी वाकलेले आहे. गाडीला मागून धडक बसली होती का?

मधलीफळी : हो, दोन वर्षांपूर्वी डाव्या कोपऱ्यावर बसली होती. जुना बंपर सरळच दिसत होता, म्हणून लिहिले नाही. काल पहारीने ओढून बोल्ट घालायचा प्रयत्न केला तेव्हा आत 'कट्' असा आवाज झाला.

लंबरेषा : त्याच आवाजाला नट सुटला. आता भोक मोठे करू नका, कारण वाकलेल्या ब्रॅकेटवर बंपर लागेलही, पण दाराशी फट तिरकी राहील आणि भोकाची उरलेली कड अरुंद झाल्याने तिथला पत्रा पुढे फाटेल. दोन्ही ब्रॅकेट काढून एकमेकांवर उलटे ठेवा. ते जुळले नाहीत तर ब्रॅकेट बदला. जुळले तर चासीचा दांडाच वाकला आहे, आणि तो सरळ करणे घरचे काम नाही.

गंजलेलापाना : सुटलेल्या नटासाठी लोखंडी पट्टीला नवा नट वेल्ड करून ती दांड्याच्या मागच्या उघड्या टोकातून आत सरकवा. वेल्डिंग गाडीपासून दूर करा. मग सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, बंपर मध्यावर आणा आणि त्यानंतरच आवळा. 8.8 दर्जाच्या (हा बोल्टच्या मजबुतीचा आकडा) 10 मिमी बोल्टला आवळताना साधारण 45 ते 50 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, पुरतो. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

मधलीफळी : डावा ब्रॅकेटच वाकलेला निघाला, उजव्यावर ठेवल्यावर एक टोक स्पष्ट वर राहते. तो बदलला, पट्टी आत सरकवली आणि चारही बोल्ट बोटांनी लागले. दार उघडताना बंपरला घासत नाही. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर मात्र आत राहिली, म्हणून उद्या बंपर थोडा सैल करून ती बाहेर काढावी लागेल.