स्विंडनमध्ये गोव्याच्या सिमवर बँकेचा ओटीपी येत नाही

डिचोलीकर : मी मूळचा डिचोलीचा असून गेले चार महिने इंग्लंडमध्ये स्विंडन येथे नोकरी करतो. फोनमध्ये एक सिम येथील आहे, तर दुसरे गोव्याहून आणलेले प्रीपेड. पहिला महिनाभर त्यावर बँकेचे संदेश व्यवस्थित येत होते. आता मात्र त्या सिमपुढे नुसते 'सेवा नाही' असे दिसते आणि ओटीपीअभावी चवथीच्या खर्चासाठी पाठवायचे पैसे खात्यातच अडकून पडले आहेत. डेटा रोमिंग चालू करून पाहिले, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, तरी उपयोग झाला नाही. वडील घरून दर महिन्याला न चुकता रिचार्ज करतात. दोष फोनचा, सिमचा की कंपनीचा, हे कसे ओळखावे?

फोंडेकर : येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. फोनमधील 'डेटा रोमिंग' हे बटण केवळ इंटरनेटसाठी असते आणि एसएमएसचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून ते बंदच ठेवावे, नाहीतर भुर्दंड पडेल. आंतरराष्ट्रीय रोमिंगची परवानगी मात्र तुमच्या क्रमांकावर भारतातील कंपनीने चालू केलेली असावी लागते. सिम परदेशी नेटवर्कवर नोंदले गेले की ते नेटवर्क तुमच्या कंपनीला 'हा ग्राहक सध्या आमच्याकडे आहे' असे कळवते आणि त्या नोंदीच्या आधारेच एसएमएस तुमच्यापर्यंत पोहोचवला जातो. नोंदच झाली नाही, तर बँकेने कितीही वेळा ओटीपी पाठवला तरी तो वाटेतच राहतो.

सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कची आपोआप निवड बंद करा आणि यादीतील नावे एकेक करून निवडून पाहा. यादीच आली नाही, तर हेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे. नावे दिसतात पण प्रत्येक नेटवर्क नकार देते, असे झाल्यास फोनवर आणखी वेळ घालवू नका.

डिचोलीकर : तीन नावे दिसली आणि तिघांनीही नकार दिला. निघताना मी महिन्याभराचा रोमिंग पॅक घेतला होता, तो संपलेला आहे. वडील करतात तो रिचार्ज केवळ देशातल्या वापराचा आहे, हे आज ध्यानात आले. कंपनीच्या ॲपवरून रोमिंग चालू करायला गेलो, तर ॲप त्याच क्रमांकावर ओटीपी पाठवते!

दर्यावर्दी, वास्को : हा फेरा मीही भोगलेला आहे. सिम कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. वडिलांच्या नावावर असेल, तर त्यांनी आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जावे आणि फक्त रोमिंग चालू करण्याची विनंती करावी. दुकानदार 'नवीन सिम देतो' असे सुचवील, ते मुळीच घेऊ नये. नवे सिम सुरू होताच तुमच्या हातातले निकामी होते, शिवाय सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. रिचार्जही थांबवू नका, कारण प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला नाही आणि शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असली तर तो बंद करण्याची मुभा कंपनीला आहे.

 

डिचोलीकर : सिम बाबांच्याच नावावर निघाले. त्यांनी शनिवारी दुकानात जाऊन काम करून घेतले. फोन दहा मिनिटे विमान मोडवर ठेवून पुन्हा नेटवर्क निवडले, तेव्हा तिसऱ्या नावावर नोंदणी झाली. पहिला संदेश अर्थातच रोमिंगचे दर सांगणारा होता. ओटीपी त्यानंतर आला.

फोंडेकर : आता बँकेचेही बघून घ्या. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर साधे बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या देशातील मिळकतीसाठीच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते, आणि ते करताना ईमेलवर ओटीपी मिळेल का हे विचारावे. एनआरई (परदेशातील कमाई ठेवण्याचे अनिवासी खाते) व एनआरओ खात्यांना परदेशी क्रमांकावरून यूपीआय वापरू देण्याची मुभा जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, तेव्हाच्या दहा देशांच्या यादीत ब्रिटनही आहे. तुमची बँक ती देते का, हे शाखेत विचारून तुम्हाला कळवायला बाबांना सांगा.