पहिलं पिस्तूल: स्वस्त, पण हातात बसणारं

टेक्सासमध्ये कमरेला लपवून बाळगायला पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं, असं विचारलं की रुगर एलसीपी हे छोटं पिस्तूल सुचवलं जातं. खिशात मावतं हे खरं, पण पहिलंच पिस्तूल म्हणून नको. वजन जेमतेम 300 ग्रॅम, त्यामुळे झटका सगळा हातावर येतो. बायकोने शूटिंग रेंजवर दोन मॅगझिन (गोळ्यांच्या पेट्या) झाडली आणि खाली ठेवलं. अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला होता. त्यापेक्षा टॉरस जी3सी हे स्वस्त पिस्तूल बघा: जाड आहे, पण गोळी 9 मिमी, 12 गोळ्यांचं मॅगझिन आणि पकड भरीव. वाचलेले पैसे ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरवर (पिस्तुलाच्या म्यानावर) आणि सरावाच्या गोळ्यांवर घाला. टेक्सासमध्ये पिस्तूल असं बाळगायला 2021 पासून परवान्याची सक्ती नाही, तरी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर थांबा: शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडता अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगूच देत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.