एआय एजंटांना आमच्या संकेतस्थळावरून पुस्तके मागवता येत नाहीत; सुरुवात कोठून करावी?

प्रश्न:
मराठी पुस्तकांची विक्री करणारे एक छोटे संकेतस्थळ मी सांभाळतो. काही वाचक आता पुस्तक शोधून मागणी नोंदवण्याचे काम एआय एजंटावर, म्हणजे त्यांच्या वतीने संकेतस्थळे हाताळणाऱ्या एआय प्रोग्रामवर, सोपवतात. परंतु एजंटाला ‘खरेदी करा’ हे बटण सापडत नाही आणि जुन्या सूचीतील नावे तो भलतीच वाचतो. एलएलएम्स डॉट टीएक्सटी ही (एआयला संकेतस्थळाची ओळख करून देणारी) फाइल ठेवणे पुरेसे होईल, की एजंटांसाठी वेगळा एपीआय (प्रोग्रामांना थेट मागणी पाठवता येईल अशी सोय) लिहावा लागेल?

उत्तर १:
त्या फाइलीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ मध्ये ती कल्पना मांडली. महत्त्वाचा मजकूर कोठे आहे हे ती सांगते, पण न सापडणारे बटण तिच्यामुळे सापडणार नाही. ब्राउझर चालवणारे अनेक एजंट पानाचे चित्र तर पाहतातच, शिवाय ब्राउझरने तयार केलेली ॲक्सेसिबिलिटी ट्रीही (पानावरील बटणे, रकाने, मजकूर यांची रचनाबद्ध यादी) वाचतात, आणि दृष्टिहीन व्यक्तींचे स्क्रीन रीडर याच माहितीवर चालतात. ‘डिव्ह’ या साध्या चौकटीच्या टॅगला क्लिक जोडून केलेले बटण डोळ्यांना दिसते, मात्र या ट्रीमध्ये त्याची नोंद बटण म्हणून होत नाही. तेथे ‘बटन’ हाच टॅग वापरावा, आणि पत्त्याच्या प्रत्येक रकान्याला ‘लेबल’ जोडावे. रकान्याच्या आतल्या फिकट सूचक मजकुरावर (प्लेसहोल्डर) विसंबू नये. संकेतस्थळे अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती १९९९ ची आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी हे काम केव्हाच व्हायला हवे होते, म्हणून एजंटांचे निमित्त झाले तरी ते मनापासून करावे.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण जुन्या सूचीचे दुखणे वेगळे वाटते. ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणारे मानक) टंकलेली आहे का, हे आधी तपासावे. अशा फाँटमध्ये साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे असतात आणि केवळ फाँटमुळे ती देवनागरी दिसतात. एजंटाच्या हाती मात्र मूळ चिन्हेच पडतात. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तेव्हा सूची एकदाच रूपांतरित करून टाकावी. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घालणे अत्यावश्यक आहे, कारण जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी व रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये हा क्रम उलटा आहे. लेखकाच्या नावातली एक वेलांटी सरकली, तरी शोध फसतो. त्यानंतर पानावरील माहिती यंत्रांना समजावी यासाठी स्कीमा डॉट ऑर्ग या सामायिक शब्दसंग्रहाच्या ‘बुक’ आणि ‘ऑफर’ या प्रकारांत आयएसबीएन, किंमत व उपलब्धता नोंदवावी.

उत्तर ३:
एपीआयची घाई नको. आधी पान नीट करावे. मात्र एक सावधगिरी दोन्ही उत्तरांत राहून गेली आहे. वाचकांच्या अभिप्रायांत कोणी एजंटाला उद्देशून छुप्या सूचना लिहून ठेवू शकतो, त्यामुळे लपवलेला मजकूर तेथे स्वीकारूच नये. शिवाय एजंट अडखळला की तीच मागणी पुन्हा पाठवू शकतो. प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देऊन सर्व्हरवर दुबार नोंद रोखावी. पैसे भरण्याची अंतिम संमती ग्राहकाने स्वतः द्यावी, अशीच रचना ठेवावी.

प्रश्नकर्ता:
सूची जुन्या फाँटमध्येच आहे. आधी तिचे रूपांतर आणि खरेदीचे बटण ही दोन कामे हाती घेतो.