कातळशिल्पाचे त्रिमितीय मॉडेल मध्यभागी फुगते आहे: चूक नेमकी कोठे?

सडावाट

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावरील (जांभ्याच्या उघड्या पठारावरील) कातळशिल्पाचे फोटोग्रॅमेट्रीने, म्हणजे अनेक छायाचित्रांवरून मोजमाप करून, त्रिमितीय मॉडेल करण्याच्या खटपटीत मी गेले दोन महिने आहे. मॉडेल तयार झाले, पण ते खरे आहे का याबद्दल शंका आली आहे आणि ती एकट्याने सुटत नाही, म्हणून येथे सविस्तर मांडतो. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तेथे अजून कुंपणही नाही आणि राखणदारही नाही.

शिल्प सुमारे ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. चार पायांचा एक प्राणी, त्याच्या पोटाखाली काही आडव्या-उभ्या रेषा आणि मागच्या पायाजवळ एक लांब रेघ, जी कोरलेली आहे की जांभ्याला पडलेली भेग आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. खाचा दीड ते तीन सेंटीमीटर खोल आणि साधारण ६ सेंटीमीटर रुंद आहेत. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा. लेन्स २४ मिलिमीटरची, झूम नसलेली. ३ मीटर उंच बांबूच्या टोकाला कॅमेरा बांधून, तो सरळ खाली रोखून, ढगाळ सकाळी एकूण १५२ छायाचित्रे घेतली. शेजारच्या दोन छायाचित्रांत ८० टक्के भाग सामाईक राहील आणि शेजारच्या दोन रांगांत सुमारे ७० टक्के, असे अंतर राखले. मेटाशेप या फोटोग्रॅमेट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व छायाचित्रे पहिल्याच फेरीत जुळली, पुनःप्रक्षेपणाची (मॉडेलवरचे बिंदू परत छायाचित्रांत टाकल्यावर दिसणाऱ्या फरकाची) सरासरी त्रुटी ०.४ पिक्सेल आली आणि मॉडेल इतके सुरेख झाले की जांभ्याची भोके न् भोके मोजता यावीत.

मग सहज म्हणून गवंडी ताणतात तशी दोरी शिल्पाच्या आरपार ८ मीटर ताणली. दोन्ही टोकांना सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून दोरीपासून कातळापर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा मध्यभागी कातळ टोकांपेक्षा जेमतेम १ सेंटीमीटर वर आहे असे आढळले. मॉडेलमध्ये मात्र तोच मध्य साडेपाच सेंटीमीटर वर आहे. म्हणजे साडेचार सेंटीमीटरचा फुगवटा सड्यावर नसून केवळ माझ्या संगणकात आहे, आणि मला मोजायच्या खाचांची खोली त्याहून कमी आहे. हा फुगवटा कशामुळे येतो, त्यामुळे खाचांची मापे वाया गेली का, आणि त्या लांब रेघेचा निवाडा मॉडेलवरून करता येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

भिंगकाच

आपण दोरी ताणून पाहिली याचे मनापासून कौतुक वाटते. ०.४ पिक्सेलच्या त्रुटीवर समाधान मानून बहुतेक जण तेथेच थांबतात. तो आकडा एवढेच सांगतो की छायाचित्रांचा आपापसात मेळ बसला आहे. जमिनीशी बसला आहे का, हे त्याला ठाऊकच नसते.

फुगवट्याचे कारण लेन्सच्या वक्रतेत आहे. प्रत्येक लेन्स चित्राच्या कडेला सरळ रेषा किंचित वाकवते. ते वाकणे किती आहे हे सॉफ्टवेअरला आधी माहीत नसते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या जागा, जमिनीचा आकार आणि लेन्सचा दोष या तिन्ही गोष्टी ते त्याच छायाचित्रांवरून एकदम सोडवते. सगळी छायाचित्रे एकाच उंचीवरून, एकाच दिशेने आणि सपाट पृष्ठभागाची असली की गणिताला दोन उत्तरे जवळजवळ सारखीच पटतात: लेन्स एवढी वाकडी व जमीन सपाट, किंवा लेन्स थोडी कमी वाकडी व जमीन घुमटासारखी. पिक्सेलमधली त्रुटी दोन्हींत तेवढीच राहते, म्हणून आकड्यावरून चूक कळत नाही. माइक जेम्स आणि स्टुअर्ट रॉबसन या संशोधकांनी २०१४ मध्ये हा दोष पद्धतशीरपणे मांडला आणि त्यावरचा साधा उपायही दाखवून दिला.

उपाय असा की समांतर छायाचित्रांच्या जोडीला तिरपी छायाचित्रे घ्यावीत. शिल्पाच्या चारही बाजूंनी, कॅमेरा २० ते ३० अंश कलता ठेवून, आत रोखलेली ३०-४० छायाचित्रे पुरतील. त्यांतली काही कॅमेरा ९० अंशांत फिरवून, म्हणजे उभी घ्या. त्यामुळे भिंगाचा मध्यबिंदू शोधताना होणारी गफलतही कमी होते. तोच कॅमेरा, तीच लेन्स आणि फोकस कुलूपबंद असावा. फोकसचे कडे चिकटपट्टीने घट्ट करावे आणि हात हलल्याची भरपाई करणारे स्थिरीकरण बंद ठेवावे, कारण ते सुरू असले की भिंग छायाचित्रागणिक सरकते आणि एकाच कॅमेऱ्याचे दीडशे वेगवेगळे कॅमेरे होतात.

आता खाचांच्या मापांबद्दल. ८ मीटरवर पसरलेला साडेचार सेंटीमीटरचा फुगवटा ६ सेंटीमीटर रुंदीच्या खाचेपुरता पाहिला, तर त्याचा वाटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. खाचेची खोली आपण तिच्या दोन्ही काठांपासून मोजतो, आणि काठ व तळ एकत्रच उचलले गेले आहेत. आपली खोलीची मापे वाया गेलेली नाहीत. फक्त प्रमाण, म्हणजे मॉडेलमधला एक मीटर खरोखर एक मीटर आहे ना, हे कशावरून ठरवले ते आपण लिहिलेले नाही.

ओळंबा

भूमापन खात्यातून निवृत्त झालो असून कागदावरच्या स्टिरिओ जोड्यांच्या (उठाव दिसावा म्हणून दोन जागांवरून घेतलेल्या छायाचित्रांच्या) काळापासून या विषयात आहे. वरील उत्तर बरोबर आहे, पण खाचा वाचल्या म्हणून फुगवटा राहू द्यावा असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट पाण्याची. साडेचार सेंटीमीटरचा फुगवटा कडेला सुमारे सव्वा अंशाचा खोटा उतार तयार करतो. सड्याचा खरा उतार कित्येकदा तेवढाच किंवा त्याहून कमी असतो. पावसाचे पाणी शिल्पावरून कोणीकडे वाहते, माती कोठे साचते, कोणता भाग आधी झिजणार, हे मॉडेलवरून काढायला गेलात तर पाणी उलट्या दिशेने वाहताना दिसेल. दुसरी गोष्ट तुलनेची. पाच वर्षांनी कोणी पुन्हा मॉडेल केले आणि त्याचा फुगवटा तुमच्यापेक्षा वेगळा निघाला, तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर ठेवताच मधोमध काही सेंटीमीटर झीज झाल्याचे दिसेल, जी झालेलीच नसेल. कातळशिल्पांच्या बाबतीत हा धोका मला फार मोठा वाटतो, कारण झिजेचा दावा संरक्षणाच्या निर्णयापर्यंत जातो.

छायाचित्राला स्वतःचे माप नसते. ते जमिनीवरून द्यावे लागते. आलब्रेख्त मायडेनबाउअर १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेत्झलारच्या कॅथेड्रलचे मोजमाप घेताना पडता पडता वाचले आणि त्यातून त्यांना छायाचित्रांवरून मोजण्याची कल्पना सुचली. या शास्त्राला फोटोग्रॅमेट्री हे नावही त्यांच्यामुळेच मिळाले. चढण्याचा धोका छायाचित्राने टळला, पण निदान एक अंतर प्रत्यक्ष मोजण्याची गरज तेव्हाही टळली नव्हती आणि आजही टळलेली नाही.

तुमच्याकडे टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे भूमापनाचे यंत्र) नसेल असे धरून सांगतो. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घ्या. शिल्पाभोवती आणि मध्ये मिळून आठ-दहा खुणा ठेवा. त्या कातळावर रंगवायच्या नाहीत; पत्र्याच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या काळ्या-पांढऱ्या चकत्या नुसत्या ठेवायच्या. एक चकती मूळ धरून बाकीच्यांची उंची नळीने मोजा आणि चकत्यांमधली अंतरे पोलादी टेपने घ्या. नळीतले बुडबुडे पूर्ण काढलेत, दोन्ही टोके सावलीत ठेवलीत आणि प्रत्येक माप दोनदा घेतलेत, तर एक-दोन मिलिमीटरपर्यंतची उंची सहज मिळते. यांतल्या पाच-सहा खुणा नियंत्रण बिंदू म्हणून सॉफ्टवेअरला द्या आणि किमान तीन खुणा त्याला न सांगता बाजूला ठेवा. मॉडेल तयार झाल्यावर या तीन तपासणी बिंदूंवर जी चूक निघेल, तीच तुमच्या मॉडेलची अचूकता. अहवालात तोच आकडा लिहावा.

जांभादगड

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे आणि जांभ्यावरील खोदकामाच्या विश्लेषणावर काम करते, म्हणून आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

जांभा फोटोग्रॅमेट्रीला अतिशय अनुकूल दगड आहे. ठिपके, भोके आणि रंगांचे फरक इतके असतात की सॉफ्टवेअरला जुळवायला खुणांची कधीच कमतरता पडत नाही. अडचण विश्लेषणात येते, कारण नैसर्गिक भोकांची खोली आणि माणसाने टाचलेल्या खाचांची खोली जवळपास सारखीच असते. अशा वेळी मॉडेलवरचा रंगाचा थर पूर्ण काढून केवळ पृष्ठभाग पाहावा. मॉडेलवरून अर्ध्या ते एक मिलिमीटर घरांचा उंचीचा रास्टर (चौकोनी घरांचा नकाशा, प्रत्येक घरात एक उंची) काढा, तो क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, आणि खाचेच्या रुंदीच्या सहा-सात पट, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर रुंद खिडकीने त्याची सरासरी काढून मूळ उंचीतून वजा करा. सड्याचा उतार आणि फुगवटा दोन्ही निघून जातात आणि उरतो तो स्थानिक उठाव. खिडकी खाचेइतकीच लहान घेतली, तर खाच स्वतःच्याच सरासरीत बुडून जाते. ही चूक मी स्वतः एकदा पूर्ण आठवडाभर करत होते.

यानंतर एकाच दिशेच्या हिलशेडवर, म्हणजे एका बाजूने प्रकाश टाकल्यासारख्या छायाचित्रावर, विसंबू नका. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली खाच दिसत नाही, आणि प्राण्याचा एखादा पाय त्यामुळेच नाहीसा झाल्यासारखा वाटतो. आठ किंवा सोळा दिशांची हिलशेड एकत्र पाहावी, किंवा आकाशाचा किती भाग त्या बिंदूवरून उघडा दिसतो हे सांगणारा स्काय-व्ह्यू फॅक्टर काढावा. स्लोव्हेनियातील संशोधकांनी तयार केलेल्या रिलीफ व्हिज्युअलायझेशन टूलबॉक्समध्ये ही सोय विनामूल्य आहे.

त्या लांब रेघेसाठी तिच्यावर दर १० सेंटीमीटरला आडवे छेद घ्या. खोदलेल्या खाचेचा तळ बहुधा रुंद व गोलसर असतो, रुंदी लांबीभर फारशी बदलत नाही आणि टोकाला ती थांबल्यासारखी संपते. भेग अरुंद व खोल उतरते, तिच्या दोन काठांची उंची कधी कधी वेगळी असते आणि ती निमुळती होत विरून जाते. माणसाने आधीच्या भेगेचाच उपयोग करून घेतला असेल, तर रेघेच्या एका भागात एक स्वभाव आणि दुसऱ्या भागात दुसरा असेही दिसेल. ती शक्यता आधीच नाकारू नये.

आणखी दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. छायाचित्रे चांगली यावीत म्हणून खाचांत खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याची सवय कोणी लावून घेऊ नये. मऊ केरसुणीने माती झाडणे पुरेसे आहे. आणि उत्तर दिशा मोबाईलच्या होकायंत्रावरून ठरवू नका. देवाचे गोठणे येथील शिल्पाजवळ होकायंत्र दिशा चुकवते हे अनेकांनी अनुभवले आहे, आणि तसा लोहयुक्त कातळ आपल्याही पायाखाली असू शकतो. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ ही स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. यादीबाहेरच्या शेकडो चित्रांची नोंद आपल्यासारख्यांच्याच हातून व्हायची आहे, म्हणून ती इतरांना पडताळता येईल अशीच व्हावी.

भिंगकाच

ओळंबा यांचा तुलनेचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पॉइंट क्लाउडची (मॉडेलमधल्या बिंदूंच्या संचाची) तुलना क्लाउडकंपेअर या सॉफ्टवेअरमधील एम-थ्री-सी-टू पद्धतीने केली, तर ती दोन्ही पृष्ठभागांचा खडबडीतपणा आणि जुळणीतली त्रुटी धरून, दिसणारा बदल खरोखर मोजता येण्याजोगा आहे का हे सांगते. पण जुळणीतली त्रुटी तिला आपणच द्यायची असते, आणि ती तपासणी बिंदूंशिवाय येणार कोठून?

कोणाच्या मनात ड्रोन असेल तर एवढेच सांगतो की छोट्या ड्रोनचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा १० मीटरवरून जमिनीवर सुमारे साडेतीन मिलिमीटरचा पिक्सेल देतो आणि आपला बांबू अर्ध्या मिलिमीटरचा. कशेळीच्या सुमारे १८ बाय १३ मीटरच्या हत्तीची बाह्यरेषा घ्यायला ड्रोन सोयीचा आहे, पण दीड सेंटीमीटर खोल खाचेचा छेद घ्यायला बांबूच बरा.

सडावाट

सर्वांचे आभार. गेल्या दोन आठवड्यांत सांगितल्याप्रमाणे काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

प्रमाणाबद्दल विचारले होते. पहिल्या वेळी मी एकच एक मीटरची पट्टी एका कोपऱ्यात ठेवली होती आणि तपासायला दुसरे काहीच नव्हते. या वेळी नऊ चकत्या ठेवल्या, गावातल्या एका गवंडीकाकांनी नळी धरायला मदत केली, आणि उंची दोनदा मोजली. पहिल्या वाचनात एका चकतीची उंची १२ मिलिमीटरने वेगळी आली. नळीत बुडबुडा अडकला होता, तो काकांनीच दाखवला. चकत्या नव्याने ठेवल्या असल्याने सरळ खाली रोखलेली छायाचित्रेही सर्व पुन्हा घेतली आणि त्यांना ४४ तिरप्या छायाचित्रांची जोड दिली.

आधी नियंत्रण बिंदू न देता तिरप्या छायाचित्रांसह मॉडेल केले, तेव्हा खोटा फुगवटा साडेचार सेंटीमीटरवरून ८ मिलिमीटरवर आला. नंतर सहा चकत्या नियंत्रणाला दिल्या आणि तीन बाजूला ठेवल्या. त्या तिघींवर उंचीतली सर्वांत मोठी चूक ३ मिलिमीटर निघाली. मध्यभागाचा उंचवटा आता दोरीच्या मापाशी जुळतो.

खाचांच्या खोलीत जुन्या व नव्या मॉडेलमध्ये जाणवण्याजोगा फरक पडला नाही. पाण्याची दिशा मात्र ओळंबा यांनी म्हटल्याप्रमाणे बदलली. जुन्या मॉडेलमध्ये पाणी प्राण्याच्या पाठीवरून चारी बाजूंना पसरत होते. नव्यात ते डोक्याकडून मागच्या पायांकडे वाहते, आणि प्रत्यक्षात बारीक माती तेथेच साचलेली आहे.

लांब रेघेवर ३१ छेद घेतले. पायापासून पहिल्या सुमारे सव्वा मीटरपर्यंत तळ गोलसर आहे आणि रुंदी साडेपाच ते साडेसहा सेंटीमीटर राहते. त्यापुढे ती एकदम अरुंद होते, डावा काठ उजव्यापेक्षा काही मिलिमीटर वर जातो, आणि रेघ गवताच्या मुळांखाली विरते. माझ्या मते कोरणाऱ्याने तेथे असलेली भेग पायापासून तेवढ्या अंतरापर्यंतच रुंद करून वापरली आणि पुढे सोडून दिली. सर्व छेद, नऊ चकत्यांची मापे आणि मूळ छायाचित्रे एकत्र ठेवली आहेत. जांभादगड यांना ती पाहून माझ्या या अनुमानाची पडताळणी करता आली तर फार बरे होईल; पाठवतो.