मदत हवी आहे: क्लायंट नुसतं "मस्त मस्त" म्हणतात, खरं काही सांगतच नाहीत

लालमाती:
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला एका जिममध्ये पर्सनल ट्रेनर आहे, तीन वर्षं झाली. मूळचा सातारा साइडचा, लहानपण तालमीत गेलेलं. तिथं वस्तादांनी पाचशे बैठका म्हणलं की पाचशे, दुखतंय बिखतंय बोलायची पद्धतच नाही आणि बोललं तर शंभर वाढायच्या 😅 हे आधीच सांगतो कारण मला वाटतंय घोळ तिथूनच सुरू होतो.

तर झालं असं. माझे एक क्लायंट, वय 58, बँकेतनं व्हीआरएस घेतलेले, एकदम सज्जन माणूस, 36 सेशनचं पॅकेज, एक दिवस खाडा नाही, जिमचे शूज वेगळ्या पिशवीतनं आणणार. गेल्या आठवड्यात त्यांना ट्रेडमिलला चढ देऊन चालायला लावलं आणि त्यांच्या घड्याळावर पल्स बघत होतो. जास्तीत जास्त पल्स 220 वजा वय म्हणजे 162, त्याचे 70 टक्के म्हणजे 113 च्या आसपास यायला पाहिजे आणि हे 98 च्या वर जाईनात. मला वाटलं सर अंग चोरतायत. स्पीड वाढवला. "कसं वाटतंय सर?" "मस्त." अजून वाढवला. "जमतंय ना?" "हो हो." घामाने डबडबलेले, कठडा इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडलेली, पण मी माणसाकडे बघतच नव्हतो, घड्याळाकडे बघत होतो. मग एकदम "अरे थांबव रे जरा" म्हणाले आणि उतरून खालीच बसले. चक्कर.

पाय वर करून झोपवलं, थोड्या वेळाने बरे झाले, मीच रिक्षाने घरी सोडायला गेलो. दारातच काकू म्हणाल्या, "बीपीची गोळी चालू आहे ते सांगितलं का यांनी तुम्हाला?" मेटोप्रोलॉल. चार वर्षं चालू. आणि आमच्या इंग्रजी फॉर्मवर त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात सगळीकडे 'नो' लिहिलंय. विचारलं तर म्हणतात, "बीपी होतं, आता गोळीने नॉर्मल असतं, मग येस कशाला लिहू?" यावर काय बोलणार.

हे एकच नाही. एक मॅडम गुडघा दुखतो म्हणून दोन आठवडे गायब, ते मला कळलं रिसेप्शनवरनं. मी रोज विचारतो हो, पण उत्तर ठरलेलं. नक्की कसं विचारायचं म्हणजे लोक खरं बोलतील? ट्रेनर लोकांनी सांगा, क्लायंट असाल तर अजून चांगलं.

तळजाईवाली:
क्लायंटच्या बाजूने सांगते. तुम्ही "जमतंय ना?" विचारता तेव्हा त्यात 'हो म्हणा' असंच ऐकू येतं. शेजारी पंचविशीतली पोरं वजनं उचलत असतात, समोर आरसा, आणि मी काय ओरडून सांगू की कंबर धरली? माझ्या आधीच्या ट्रेनरला एकदा सांगितलं तर "मॅम, सब दिमाग में है" म्हणाला. त्या दिवसापासून बंद. पुढचं सगळं मस्तच 🙏

फिजिओबाई:
आधी गोळीचं. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, हृदयाचा वेगच धरून ठेवतो. असल्या माणसाला तुमचं 220 चं गणित लागू होत नाही, पल्स कमी दिसणार म्हणजे दिसणार. ते अंग चोरत नव्हते, जीव तोडून चालत होते. त्यांना मोजायचं ते बोलण्यावरून: चालताना सलग दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, शब्दाशब्दाला दम लागला तर कमी करा. किंवा 1 ते 10 मध्ये किती जड जातंय ते विचारा, आकडा सांगायला लाज वाटत नाही. थांबवतानाही एकदम नाही, हळूहळू. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हे निक्षून सांगा. आता डॉक्टरांची परवानगी आल्याशिवाय त्यांना मशीनवर घेऊ नका.

फॉर्ममध्ये "आजार आहे का" विचारूच नका. आपल्याकडे गोळी चालू म्हणजे आजार गेला! "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठकुठल्या गोळ्या घेता" असं विचारा, शक्यतो घरचं कोणी सोबत असताना.

दुखण्याचंही तसंच. "दुखतंय का" फार ढोबळ आहे. रग लागली, अंग आंबलं, चमक भरली, कळ आली, ठणकतंय, मुंग्या येतायत, हे सगळं वेगळं आहे आणि पेशंट न शिकवता बरोब्बर सांगतात. मांडीत रग लागली तर चालू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबणं ठरलेलंच. सांध्यात चमक किंवा पायात मुंग्या, तिथेच थांबा. छातीत दडपल्यासारखं झालं तर व्यायाम बंद आणि थेट हॉस्पिटल.

जुनाखेळाडू:
भाऊ, रिक्षाने घरी नाही, डॉक्टरकडे न्यायचं होतंस. बाकी लिहिलंस हे बरं केलंस, आमच्यातले बरेच जण लपवतात.

लालमाती:
@जुनाखेळाडू मान्य, ती चूक माझीच. दुसऱ्या दिवशी काकू घेऊन गेल्या डॉक्टरकडे, ईसीजी नॉर्मल आलाय.

@फिजिओबाई खरंच थँक्यू. रग आणि चमक आमच्या तालमीतले रोजचे शब्द, जिममध्ये आल्यापासून मीच "पेन है क्या" करायला लागलो होतो. आज त्या गुडघेवाल्या मॅडमना फोन करून विचारलं, चमक का ठणका? पंधरा मिनिटं बोलल्या! जिना उतरताना चमक येते, चढताना काही नाही, आणि हे पाच महिन्यांपासून. मी तोपर्यंत त्यांना लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचा व्यायाम) देत होतो 🤦

आता फॉर्म मराठीत करायला घेतलाय. "घरी कुणाला हार्टचा त्रास" इथपर्यंत जमलं. डोळ्यापुढे अंधारी येते आणि गरगरतं, हे दोन वेगळे प्रश्न ठेवू का एकच?

फिजिओबाई:
वेगळे ठेवा. आणि अक्षर मोठं करा, चष्मा घरी विसरून येतात.