सूर्य बुडाल्यानंतरची वीस मिनिटं : तुमचे अनुभव लिहा

सूर्यास्ताचे फोटो काढायला लागून मला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं माझा एकच क्रम होता. सूर्याची शेवटची कड पाण्याखाली गेली की कॅमेरा बॅगेत आणि मी परतीच्या वाटेवर. एका संध्याकाळी बॅगेची चेन अडकली. ती सोडवत वाळूतच बसले, आणि वर पाहिलं तर मघाचे ते राखाडी, पिंजलेल्या कापसासारखे ढग खालच्या बाजूनं पेटलेले. आधी केशरी, मग गुलाबी, मग जांभळट लाल. कॅमेरा आत, चेन काही हलेना. चार-पाच मिनिटांत सगळं विझलं. त्या आभाळाचा माझ्याकडे फोटो नाही, पण तेव्हापासून सूर्य गेल्यावर मी वीस मिनिटं जागची हलत नाही.

कारण नंतर कळलं. आपल्यासाठी सूर्य मावळतो तेव्हा आठ-दहा किलोमीटर उंचीवरच्या ढगासाठी तो अजून मावळलेला नसतो. म्हणून आधी खालचे ढग काळवंडतात, मग मधले, आणि सगळ्यात शेवटी उंचावरचे सिरस, म्हणजे पिसांसारखे विरळ ढग. पश्चिमेच्या क्षितिजावर ढगांची भिंत असेल तर मात्र हा खेळ होत नाही, कारण प्रकाश क्षितिज आणि ढग यांच्यातल्या फटीतूनच वर यायचा असतो. हल्ली मी निघण्याआधी डोक्यावरचे ढग नाही, क्षितिजालगतची फट बघते.

अशा आठवणी तुमच्याकडेही असतील. निसटलेला क्षण, हाती लागलेला क्षण, दुसऱ्या कुणी दाखवल्यामुळे पहिल्यांदा दिसलेलं काही. प्रचि (प्रकाशचित्र) नसलं तरी चालेल. असेल तर वेळ आणि दिशा तेवढी लिहा, आणि रंग नंतर वाढवले असतील तर तेही सांगा.

*

मी मोबाइलवाला. रोज गच्चीवर जातो. समोर शेंदरी आभाळ आणि फोटोत मात्र फिकट पिवळं काहीतरी, असं वर्षभर चाललं होतं. एका अनुभवी मित्राला दोन फोटो पाठवले तेव्हा त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड येतो ते) लॉक झालं की बोट खाली ओढून फोटो थोडा काळोखा करायचा. दोन, ऑटो व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग आपोआप जुळवणारी सोय) बंद करून 'डेलाइट' ठेवायचा. ऑटोला तो केशरी रंग म्हणजे दोष वाटतो आणि तो दुरुस्त करायला जातो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या फोटोतलं आभाळ मला ओळखू आलं. खालच्या इमारती पार काळ्या झाल्या होत्या, पण त्या कडांमुळेच चित्र उभं राहिलं.

*

माझी गोष्ट पूर्वेची आहे.

पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायचं होतं. खोलीला एकच खिडकी, तीही पूर्वेला. बाकीचे सगळे संध्याकाळी एकमेकांना सूर्यास्त पाठवायचे आणि मी ते बघत पडायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळून माझ्याच खिडकीतला फोटो काढला. सूर्य मावळून दहा मिनिटं झाली असतील. आभाळात आडवा गुलाबी पट्टा, त्याखाली निळसर राखाडी, पावसाळी वाटावा असा थर. 'माझ्या वाट्याला एवढंच' असं लिहून पाठवून दिला.

उत्तर आलं : तो खालचा राखाडी थर ढग नाही. ती पृथ्वीची सावली आहे.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. आपण ज्या गोळ्यावर राहतो त्याचीच सावली त्याच्याच हवेवर पडते आणि पूर्वेकडून हळूहळू वर चढते. तिच्या वरच्या गुलाबी पट्ट्याला 'बेल्ट ऑफ व्हीनस' म्हणतात. मावळत्या सूर्याचा लालसर प्रकाश पूर्वेकडच्या हवेवर पडून आपल्याकडे परत फिरतो, म्हणून तो गुलाबी दिसतो. सूर्य जसजसा खाली जातो तसतशी सावली वर सरकते, पट्टा पुसट होतो, आणि शेवटी दोन्ही रात्रीत मिसळून जातात.

पुढचे सगळे दिवस मी त्या सावलीची वाट पाहिली. खिडकीच्या गजावर पेन्सिलीनं खुणा केल्या (घरच्यांनी करून दिल्या, मी सांगायचे), दर दोन मिनिटांनी सावली कुठवर आली त्याच्या. हवा स्वच्छ असेल तेव्हा कड रेखीव, धुरकट असेल तेव्हा पट्टाच दिसत नाही. आजही डोंगरावर सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात तेव्हा मी एकदा तरी मागे वळते. मोकळं क्षितिज असेल तर तुम्हीही वळून बघा, हे मी अगदी मनापासून सांगते.

*

वरच्या ताईंचा अनुभव वाचून आज मुद्दाम पूर्वेकडे पाहिलं. दिसला! वीस वर्षं फोटो काढतोय आणि आज पहिल्यांदा दिसला. एवढंच सांगायला आलो.

*

मला सूर्याच्या गोळ्याचंच वेड आहे, त्यामुळे टेलिफोटोवाल्यांसाठी, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स वापरणाऱ्यांसाठी, थोडं लिहितो.

नवीन मंडळींचा प्रश्न असतो की सूर्य फोटोत एवढासा का येतो. आभाळात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश आहे. ढोबळ हिशोब असा की लेन्सची फोकल लेन्थ (तिच्यावर लिहिलेला मिमीचा आकडा) शंभरानं भागली की सेन्सरवर सूर्य किती मिलिमीटरचा उमटेल ते कळतं. ५० मिमीवर अर्धा मिलिमीटर, ४०० मिमीवर चार. म्हणून मोठा गोळा हवा तर लांब लेन्स, आणि समोरचं झाड किंवा मनोरा तितकाच दूर.

क्षितिजाशी तो लंबगोल दिसतो, तो लेन्सचा दोष नव्हे. हवेमुळे प्रकाश वाकतो, आणि खालच्या कडेचा वरच्या कडेपेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे गोळा चेपल्यासारखा होतो. क्षितिजापाशी हे वाकणं सूर्याच्या रुंदीहून किंचित जास्तच असतं. म्हणजे त्याची खालची कड पाण्याला टेकलेली आपण पाहतो, तेव्हा खरा सूर्य पूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. हे समजल्यावर मी त्या दोन-तीन मिनिटांत शटर कमी दाबायला लागलो. जे दिसतंय ते हवेनं उचलून धरलेलं आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

सूर्याची शेवटची कड बुडताना कधीतरी क्षणभर हिरवी दिसते, त्या हिरव्या झळकीसाठी अनेक वर्षं समुद्रकिनाऱ्यावर थांबलो. एकदाच मिळाली, जहाजाच्या डेकवरून, शेवटच्या कडेवर एखाद-दीड सेकंद. डोळ्यांनी पाहिली. बर्स्टमधल्या (एका दमात काढलेल्या अनेक फोटोंतल्या) एकाच फ्रेममध्ये ती आहे, आणि तीही थोडी हललेली.

आणि कळकळीची सूचना : डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्स लावून सूर्याकडे बघू नका. गोळा मऊ, तांबूस झाला तरी खात्री नसते. लाइव्ह व्ह्यू वापरा, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर बघा. माझ्या एका जवळच्या माणसाच्या डोळ्यात कायमचा डाग राहिला आहे.

*

मला लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. तरी आभाळाचे फोटो काढतो. लोकांना नवल वाटतं. मला दिसतात ते थर, कडा, प्रकाशाची उतरण. ढगाआडून सुटणारे किरण मला सगळ्यांत आवडतात. ते पंख्यासारखे पसरलेले दिसतात, पण असतात समांतर. दूर जाणारे रुळ एका बिंदूत मिळाल्यासारखे वाटतात, तसंच हे. कधी कधी तेच किरण डोक्यावरून पार जाऊन पूर्वेला पुन्हा एका बिंदूकडे जुळताना दिसतात. असा फोटो माझ्याकडे एकच आहे, पाच फ्रेम जोडून केलेला पॅनोरमा.

माझी एक विनंती आहे. फोटोबरोबर रंग शब्दांत लिहा. 'सुंदर' नको. विटकरी, गेरू, जास्वंदी, अबोली, मोरपंखी असं काही. कुणीतरी एकदा लिहिलं होतं, 'निखाऱ्यावर राख धरते तसा'. ते आभाळ मी त्या शब्दांनी पाहिलं आहे.

*

'हे सगळे फोटो साठवून करायचं काय?' हा प्रश्न मलाही घरातून विचारला जातो. माझं उत्तर जरा लांब आहे.

ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याचे सूक्ष्म कण वरच्या हवेत पसरले आणि पुढचे कित्येक महिने जगभर संध्याकाळी विलक्षण लाल व्हायला लागल्या. अमेरिकेत काही ठिकाणी लोकांनी आग लागली समजून बंब बोलावले. लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्सच्या काठी बसून पेस्टलनं ते आभाळ टिपत राहिला, मिनिटामिनिटाला बदलणारं. पाचशेहून अधिक चित्रं. रंगीत फोटो हाताशी नसलेल्या काळात त्या आभाळाची ती नोंद आहे.

आपल्या काळातलं उदाहरण कॅनडातल्या अल्बर्टाचं. तिथले हौशी लोक ध्रुवीय प्रकाशाचे फोटो एकमेकांना दाखवायचे. त्यात एक अरुंद जांभळा पट्टा वारंवार येत होता. तो नेहमीचा ध्रुवीय प्रकाश नाही हे २०१६ च्या सुमारास शास्त्रज्ञांशी बोलताना स्पष्ट झालं. हौशी मंडळींनी त्याला 'स्टीव्ह' हे साधंसं नाव दिलं, आणि तेच शास्त्रात राहिलं. 'अ‍ॅस्पेरिटास' हा खवळलेल्या समुद्रासारखा ढगही लोकांनी पाठवलेल्या फोटोंमुळे चर्चेत आला, आणि २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या मेघसंग्रहात दाखल झाला.

म्हणून म्हणतो, वेळ लिहा, दिशा लिहा, मूळ फाइल जपून ठेवा. तुमच्या गच्चीवरचा फोटो कुठल्या कोड्यात बसेल ते आज कळत नसतं.

*

मूळ फाइलवरून. मी एकदा एका सपाट, ढगाळ संध्याकाळच्या फोटोत दुसऱ्याच दिवशीचं आभाळ बसवलं आणि न सांगता पाठवलं. खूप कौतुक झालं. एका आजोबांनी मात्र विचारलं, 'पाण्यात या रंगाचं प्रतिबिंब कसं नाही?' मी दोन दिवसांनी खरं लिहिलं. ते म्हणाले, 'आता तो सपाट फोटो दाखव.' दाखवला. त्यात ढगांखाली एक बारीक पिवळी रेघ होती, मी तिच्याकडे तेव्हा पाहिलंच नव्हतं.

रंग वाढवण्याची गरज अनेकदा वेगळ्याच कारणानं पडते. फोटोत लाल, हिरवा, निळा असे रंगांचे तीन चॅनेल असतात, आणि सूर्यास्तात लाल चॅनेल सगळ्यांत आधी भरून वाहतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो आणि लालातले बारकावे गेलेले असतात. तिन्ही चॅनेलचे वेगळे हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे प्रकाश निम्मा, ठेवा. मग नंतर फार काही करावं लागत नाही.

*

मी आणि माझी ताई. ती माझ्यापेक्षा दहा रेखांश पश्चिमेला राहते. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे माझ्याकडे मावळलेला सूर्य साधारण चाळीस मिनिटांनी तिच्याकडे मावळतो. आई गेली त्या वर्षी हे सुरू झालं. फोनवर बोलायला दोघांनाही जमत नव्हतं, म्हणून मी एका संध्याकाळी नुसता फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'निघाला.' चाळीस मिनिटांनी तिच्या खिडकीतलं आभाळ आलं. खाली एकच शब्द होता, 'पोचला.'

सहा वर्षं झाली. मधे खंड पडतात, पावसाळ्यात तर आठवडे जातात. विषुवदिनाच्या आसपास सूर्य क्षितिजावर रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, ते तिच्या फोटोंत छान कळतं, कारण तिच्या समोर पाण्याची उंच टाकी आहे. मार्चमध्ये तो टाकीच्या डावीकडून निघतो आणि पंधरवड्यात उजवीकडे जातो.

आज माझ्याकडे गच्च ढग होते. पांढऱ्या आभाळाचा फोटो काढला, वेळ बघून 'निघाला' लिहिलं. हे लिहीत असतानाच तिचा फोटो आला. टाकीच्या बरोबर मागे आहे आज, आणि टाकीच्या शिडीवर कुणीतरी चढून बसलंय.